वेदी आणि उंबरठा

१९६७ च्या जून महिन्यात रोमहून सहा दिवसांच्या अंतराने दोन आदेश निघाले. १८ जूनला पोप सहावे पॉल यांनी लग्न झालेल्या पुरुषांना कायमचे डीकन म्हणून दीक्षा देण्याचे नियम घालून दिले. डीकन हे धर्मगुरूच्या खालचे पद. २४ जूनला त्यांनीच जगभरच्या कॅथलिकांना पत्राने कळवले, की धर्मगुरूसाठी ब्रह्मचर्याची अट आहे तशीच राहील. संसारी माणसाला वेदीच्या पायरीपर्यंत येता येईल, पण मिस्सा अर्पण करता येणार नाही. मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे जुन्या साष्टी बेटावर, या दोन्ही आदेशांची फळे आज एकाच चर्चमध्ये शेजारीशेजारी दिसतात. बोरिवली-अंधेरीकडचा एखादा डीकन रविवारी वेदीवर फादरांना साहाय्य करतो, प्रवचन देतो आणि मग बायकोमुलांबरोबर घरी जेवायला जातो. फादर मात्र चर्चच्या आवारातल्या आपल्या खोलीकडे वळतात.

ही विभागणी साष्टीत कशी आली, याचा इतिहास साडेचारशे वर्षांचा आहे.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली, तिच्याबरोबर साष्टीही गेली. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन संघाचे आंतोनियो दो पोर्तो बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरला पोचले. तिथल्या शैव लेण्यात चर्च झाले आणि वरच्या टेकाडावर मठ व पाठशाळा उभी राहिली. आजही खाली नटराजाचे शिल्प आणि वर मठाच्या पडक्या भिंती दिसतात. मरोळचे सेंट जॉन द बॅप्टिस्टचे चर्च १५७९ चे. तेही आता भग्न आहे आणि सीप्झच्या आवारात अडकून पडले आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यासच युरोपात ट्रेंटची परिषद भरली होती. मार्टिन ल्यूथरने १५२५ मध्ये कॅथरिना फॉन बोरा या माजी जोगिणीशी लग्न केले होते आणि प्रॉटेस्टंट धर्मगुरूंचे संसार ठिकठिकाणी उभे राहत होते. त्याला उत्तर म्हणून ट्रेंटने नोव्हेंबर १५६३ मध्ये निर्वाळा दिला, की दीक्षा घेतलेल्याने केलेले लग्न लग्नच नव्हे. चारच वर्षांनी, १५६७ मध्ये, गोव्यात पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली आणि ट्रेंटचे निर्णय पूर्वेकडे लागू करण्याचे काम सुरू झाले. आपल्या किनाऱ्यावर चर्च आले ते हे असे, युरोपातल्या भांडणाने ताठर झालेले. साष्टीतल्या आगरी-कोळी-कुणबी-भंडारी घरांना जो पहिला पाद्री दिसला तो एकटा राहणारा होता. पाद्री म्हटला की तो असाच असायचा, असे त्यांनी धरले, यात नवल नाही.

पण तसे नेहमीच नव्हते. येशूच्या शिष्यांत पेत्र प्रमुख, आणि त्याची सासू तापाने आजारी असल्याची गोष्ट खुद्द शुभवर्तमानात आहे. चौथ्या शतकापासून पश्चिमेकडे एक आग्रह वाढत गेला, की लग्न झालेल्या धर्मगुरूनेही बायकोपासून दूर राहावे. पोप सिरिसियस यांनी ३८५ मध्ये तसे फर्मावले. तरी गावोगावचे धर्मगुरू संसार करत राहिले. अकराव्या शतकात पोप सातवे ग्रेगरी यांनी हा नियम जोराने अमलात आणायला घेतला आणि ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूचे लग्न मुळातच रद्दबातल ठरवले. यामागे पावित्र्याची ओढ होती, तशी मालमत्तेची काळजीही होती. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. वतन एकदा घराण्यात शिरले की ते मुलाकडून नातवाकडे जाते, वाटण्या होतात, भाऊबंदकी होते. चर्चच्या जमिनींचे तेच होऊ लागले होते. वारसच नसेल तर वतनही नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवी, कारण वादात ती नेहमी हरवते. फ्रान्सिस्कन, जेझुइट हे संन्यस्त संघांचे लोक. ते ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते घेतात. त्यांच्या ब्रह्मचर्याला कोणी हरकत घेत नाही, कारण ते व्रत हेच त्यांचे जीवन. प्रश्न आहे तो धर्मप्रांताच्या फादरचा. तो गावातच राहतो, लग्ने लावतो, मयतीला जातो, शाळा चालवतो, भांडणे मिटवतो. त्याने संन्याशासारखे एकटे का राहावे?

पूर्वेकडच्या चर्चांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता. आधी लग्न, मग दीक्षा, असा क्रम त्यांनी चालू ठेवला. ब्रह्मचर्य फक्त बिशपला बंधनकारक. आपल्याच किनाऱ्यावर, केरळात, संत थॉमसचे नाव सांगणाऱ्या ख्रिस्ती समाजात हीच पद्धत होती. तिथल्या धर्मगुरूला कत्तनार म्हणत. आंतोनियो द गौव्हेया या ऑगस्टिनियन साधूने १६०६ साली छापलेल्या आपल्या वृत्तान्तात लिहून ठेवले आहे, की कत्तनारांच्या बायकांना चर्चमध्ये आणि बाहेरही इतर बायकांच्या पुढचा मान असे आणि त्या गळ्यात धातूचा क्रूस घालून तो मान मिरवत. धर्मगुरूची बायको ही लपवायची गोष्ट नव्हती, ते गावातले एक स्थान होते.

हे सारे मोडले ते गोव्याच्या एका आर्चबिशपने. आलेशो द मेनेझेस १५९५ मध्ये गोव्यात आले. चार वर्षांनी ते मलबारात उतरले आणि जून १५९९ मध्ये उदयंपेरूरला त्यांनी धर्मसभा भरवली. सभेने पुष्कळ गोष्टी ठरवल्या, जुने ग्रंथ तपासून सुधारायचे किंवा जाळायचेही ठरवले. त्यातलाच एक ठराव असा, की लग्न झालेल्या कत्तनारांनी बायका सोडाव्यात, नाहीतर वेदीवर उभे राहू नये. पिढ्यान्‌पिढ्या मानाने चर्चमध्ये पुढे बसणाऱ्या त्या बायकांचे त्या आठवड्यात काय झाले असेल? ठराव लिहिणाऱ्यांनी त्यांना विचारले नव्हते. १६५३ मध्ये मट्टांचेरीला हजारो ख्रिस्ती लोकांनी जेझुइटांचे वर्चस्व झुगारण्याची शपथ घेतली. त्या उठावाची कारणे अनेक होती, पण परक्या शिस्तीचा राग त्यात होताच. तिथून फुटलेल्या शाखांपैकी ज्या रोमच्या बाहेर राहिल्या, त्यांनी संसारी धर्मगुरूंची रीत सांभाळली.

मेनेझेस यांनी गोव्यातही एक कायमची खूण ठेवली. जुन्या गोव्यातल्या टेकडीवर सांता मोनिका या जोगिणींच्या मठाचा पाया त्यांनी १६०६ मध्ये घातला. पुढे दीडशे वर्षांनी याच मठाच्या दारात बारदेशातल्या एका घराची कहाणी येऊन ठेपली. अनिवार्य ब्रह्मचर्याचा अर्थ मला त्या कहाणीतून जितका कळतो, तितका कुठल्याही परिषदेच्या ठरावातून कळत नाही.

कोलवाळचे कायतान व्हितोरिनो द फारिया तरुणपणी धर्मगुरू व्हायला निघाले होते. खालच्या पायरीच्या दीक्षाही झाल्या होत्या. मग त्यांनी तो मार्ग सोडला आणि कांदोळीच्या रोझा मारिया द सौझा यांच्याशी लग्न केले. ३१ मे १७५६ रोजी कांदोळीला मुलगा झाला, जुझे कुश्तोदियो. नवराबायकोचे पटले नाही. मुलगा लहान असतानाच दोघांनी वेगळे होण्याची चर्चकडे परवानगी मागितली आणि ती मिळाली. कायतान यांनी अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करून धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली. रोझा मारिया सांता मोनिकाच्या मठात जोगीण झाल्या. चर्चच्या कायद्यात सगळे चोख बसले. बापाला वेदी मिळाली, आईला मठ मिळाला. आणि मुलाचे घर कायद्याच्या मोहोरेनिशी संपले.

१७७१ मध्ये बापलेक लिस्बनला गेले. मुलाने रोममध्ये शिकून १७८० साली दीक्षा घेतली. आता बापही पाद्री, मुलगाही पाद्री. गोव्यात अजून सांगतात, की पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिलेला मुलगा घाबरून गप्प झाला, तेव्हा जवळ बसलेल्या बापाने कोकणीत हळूच म्हटले, ‘कातर रे भाजी!’ आणि त्याची वाचा सुटली. ही आख्यायिका आहे. पण ज्या समाजाने ती दोनशे वर्षे जपली, त्याला पाद्रीच्या झग्याआडचा बाप दिसत होता, हे नक्की. पुढे १७८७ च्या पिंटोंच्या बंडात गोव्याच्या स्थानिक पाद्रींनी वरच्या जागा युरोपियनांनाच मिळतात म्हणून उठावाचा कट केला. त्यात बापाचे नाव गोवले गेले. मुलगा पॅरिसला जाऊन आबे फारिया या नावाने संमोहनशास्त्राचा एक आद्य अभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आला आणि १८१९ मध्ये तिथेच वारला. त्याचा पुतळा पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आहे. आईचे नाव मात्र फार थोड्यांना माहीत असते.

कायतान फारियांना बायको असताना धर्मगुरू होता आले नाही, बायको सोडल्यावर होता आले. केरळच्या कत्तनारांनाही हाच पर्याय दिला गेला होता. घर जोडलेले असणे हा दोष आणि मोडलेले असणे ही पात्रता ठरावी, हे मला अजून पटवून घेता आलेले नाही.

इकडे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि साष्टीसह या भागातली पोर्तुगीज सत्ता संपली. युरोपियन मिशनरी निघून गेले, मठ ओस पडले. मंडपेश्वर, मरोळ, कुर्ला, वांद्रे इथल्या ख्रिस्ती गावांना सांभाळले ते गोव्याहून आलेल्या आणि स्थानिक पाद्रींनी. त्यांच्यामागे ना किल्ला होता ना आरमार. पेशव्यांच्या अमलात आणि १७७४ नंतर इंग्रजांच्या अमलात त्यांनी धर्म टिकवला तो लोकांच्या आधाराने. माझ्या मते ब्रह्मचर्याला इथे खरी मान्यता मिळाली ती याच काळात. ट्रेंटचा ठराव कोणी वाचला नव्हता. पण बायकापोरांचा पाश नसलेला, गावाच्या भिक्षेवर जगणारा, साथीच्या दिवसांत मरणाऱ्याच्या उशाशी बसणारा माणूस शेजारच्या हिंदू गावकऱ्यालाही ओळखीचा होता. गोसावी, बैरागी, संन्यासी यांच्या रांगेत त्याने पाद्रीला बसवले. पुढे भारतीय बिशपांनी आणि ईशज्ञानाच्या अभ्यासकांनी सक्तीच्या ब्रह्मचर्याच्या बाजूने जो युक्तिवाद सतत केला तो हाच: ही संन्याशाची भूमी आहे, इथे संसारी धर्मगुरूला मान मिळणार नाही.

हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. महाराष्ट्राने संन्याशाला वंदन केले, पण अभंग गायले ते तुकोबा, एकनाथ, नामदेव, चोखोबा यांचे, आणि ते सगळे संसारी होते. शिवाय संन्यासाच्या नियमाने माणसांचे काय केले, तेही याच भूमीला ठाऊक आहे. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत बायकोला सोडून काशीला गेले, संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेने परत संसारात आले. आळंदीच्या ब्रह्मवृंदाने त्यांना वाळीत टाकले आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितले. ज्ञानेश्वरादी चार भावंडांना ‘संन्याशाची पोरे’ म्हणून मुंज नाकारली. व्रत मोडणाऱ्याची शिक्षा मुलांनी भोगायची, हा न्याय आपल्या संतपरंपरेच्या अगदी उंबरठ्यावर उभा आहे. ज्ञानेश्वरी लिहिणारा मुलगा त्याच घरातला.

एकोणिसाव्या शतकात मराठी मुलुखाने दुसऱ्या प्रकारचा ख्रिस्ती धर्मगुरू पाहिला. अमेरिकन मराठी मिशनच्या पाळकांना बायकामुले असत. त्यातले सर्वांत मोठे घर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. नवऱ्याच्या धर्मांतराने खचलेल्या त्या बाईने पाच वर्षे आपला मार्ग आपण शोधला आणि १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. १९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कोणालाही ते नगरचे घर माहीत आहे: अनाथ मुले, उपाशी पाहुणे, बालकवींसारखा मुक्कामाला आलेला कवी, महिनाअखेरीची चणचण, आणि ज्याच्या डोक्यात उद्याची भाकरी कधीच नसते असा नवरा. ते सगळे लक्ष्मीबाईंनी ओढले.

संसारी धर्मगुरूची बाजू मांडणारे लोक या घराचे उदाहरण आनंदाने देतील. मीही देतो, पण त्यातला भार लपवून नाही. सेवेसाठी मोकळा राहावा म्हणून धर्मगुरू ब्रह्मचारी असावा, असे कॅथलिक चर्च म्हणते, त्यातले तथ्य लक्ष्मीबाईंच्या आठवणींत पानोपानी सापडते. टिळकांची सेवा लक्ष्मीबाईंच्या पाठीवर चालत होती. पण त्या घराने सेवा कमी केली की वाढवली, असा प्रश्न विचारला तर उत्तर एकच येते. एकट्या टिळकांनी ती मुले वाढवली नसती.

पुण्यातल्या पंचहौद मिशनच्या अँग्लिकन काउली फादर्सचे उदाहरणही इथे आठवते. त्यांच्या चर्चने लग्नाची मुभा दिलेली असताना त्यांनी आपण होऊन ब्रह्मचर्य पत्करले होते. दार उघडे असतानाही काही माणसे एकटेपण निवडतात. सक्ती उठली तर ब्रह्मचर्य संपेल, ही भीती त्यांच्याकडे पाहिल्यावर ओसरते.

कॅथलिक जगात हा विषय पुन्हा जागा झाला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, आणि त्यात मुंबईलाही एक जागा आहे. २१ नोव्हेंबर १९६४ ला परिषदेने चर्चविषयीचा मोठा दस्तऐवज संमत केला. त्यात लग्न झालेल्या प्रौढ पुरुषांना डीकनपद देण्याची वाट मोकळी झाली. त्यानंतर आठवड्याभरात मुंबईत ओव्हल मैदानावर आंतरराष्ट्रीय युखॅरिस्ट काँग्रेस सुरू झाली. कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस हे पहिले भारतीय कार्डिनल तिचे यजमान होते. २ डिसेंबरला पोप सहावे पॉल मुंबईत उतरले. भारतात आलेले ते पहिले पोप. त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस इतर धर्मांविषयीच्या एका ईशज्ञानपरिषदेसाठी हान्स क्यूंग हे तरुण स्विस अभ्यासकही मुंबईत आले होते. सक्तीच्या ब्रह्मचर्याचे पुढचे सर्वांत नामांकित टीकाकार आणि ते पक्के ठेवणारे पोप, दोघांनी एकाच हंगामात मुंबईची हवा घेतली.

परिषदेत ब्रह्मचर्यावर उघड चर्चा मात्र झालीच नाही. ऑक्टोबर १९६५ मध्ये पोपचे पत्र सभागृहात वाचून दाखवले गेले: हा विषय जाहीर चर्चेला योग्य नाही, कोणाला काही म्हणायचे असेल तर लेखी कळवावे. ब्राझीलचे बिशप पेद्रो कोप लग्न झालेल्या पुरुषांना दीक्षा द्यावी असे भाषण तयार करून बसले होते. ते वर्तमानपत्रात छापून आले, सभेत झाले नाही. तरी ७ डिसेंबर १९६५ च्या धर्मगुरूंविषयीच्या दस्तऐवजात एक वाक्य राहिले. त्याचा आशय असा, की ब्रह्मचर्य ही धर्मगुरूपदाच्या स्वरूपातूनच येणारी गरज नाही. आद्य चर्चची आणि पूर्वेकडच्या चर्चांची रीत याची साक्ष देते. म्हणजे ही श्रद्धेची बाब नाही, शिस्तीची आहे, हे चर्चने स्वतःच लिहून ठेवले. दीड वर्षाने आलेल्या २४ जून १९६७ च्या पत्राने तीच शिस्त पुन्हा घट्ट केली.

त्यानंतरची वर्षे कठीण गेली. जगभर हजारो धर्मगुरूंनी दीक्षामुक्ती मागितली आणि बहुतेकांनी लग्ने केली. १९७० मध्ये डच धर्मपरिषदेने सक्तीविरुद्ध कौल दिला. १९७१ मध्ये रोमच्या सिनॉडमध्ये, म्हणजे बिशपांच्या सभेत, दोन पर्याय होते: लग्न झालेल्यांना दीक्षा नकोच, किंवा खास परिस्थितीत पोपने ती द्यावी. १०७ मते पहिल्याला पडली, ८७ दुसऱ्याला. एवढ्या फरकाने हा प्रश्न मिटला असे म्हणणे धाडसाचे होते. मुंबईतूनही काही फादर बाहेर पडले. आपल्या ख्रिस्ती घरांत त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली येत असे, अजूनही येतो. ज्याने वीस वर्षे बाप्तिस्मे केले, लग्ने लावली, त्याच्या स्वतःच्या लग्नाला त्याचे गाव येत नाही. विठ्ठलपंतांची आळंदी इतकी दूर नाही.

गोरेगावला आरे रस्त्यावर सेंट पायस सेमिनरी आहे. मुंबई धर्मप्रांताचे धर्मगुरू तिथे घडतात. तत्त्वज्ञान, ईशज्ञान, मग डीकनची दीक्षा. ब्रह्मचर्याचे वचन तरुण याच वेळी देतो. पंचविशीच्या आसपासच्या मुलाने आयुष्यभराचा शब्द द्यायचा. त्याच डीकनपदाची दुसरी वाट १९६७ च्या पहिल्या आदेशाने उघडली होती, पण भारतात ती कित्येक वर्षे कोणी चालले नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या आर्चडायोसिसने लग्न झालेल्या पुरुषांना डीकनची दीक्षा द्यायला सुरुवात केली. देशात हे पाऊल फार थोड्या धर्मप्रांतांनी उचलले आहे. नियमानुसार असा उमेदवार किमान ३५ वर्षांचा हवा आणि बायकोची संमती हवी. कत्तनारांच्या बायकांना जे कोणी विचारले नव्हते, ते इथे विचारले जाते, ही मला मोठी गोष्ट वाटते. हा डीकन बाप्तिस्मा देतो, लग्न लावतो, दफनविधी करतो. मिस्सा आणि पापनिवेदन मात्र फादरकडे. बायको वारली तर त्याला सहसा पुन्हा लग्न करता येत नाही.

उपनगरांनी आणखी एक गोष्ट घडवली, ती कोणत्याही परिषदेने ठरवली नव्हती. नोकरीसाठी आलेल्या मल्याळी कुटुंबांबरोबर केरळची सगळी चर्चे मुंबईत आली. रोमशी जोडलेल्या सीरो-मलबार चर्चचा कल्याण धर्मप्रांत १९८८ मध्ये स्थापन झाला. त्याचे बिशप हाऊस पवईला आहे. मूळ परंपरा पूर्वेकडची असूनही त्याचे धर्मगुरू ब्रह्मचारी असतात. उदयंपेरूरची छाया अजून सरलेली नाही. पण मुलुंड, घाटकोपर, अंधेरीकडच्या ऑर्थोडॉक्स आणि मार्थोमा मंडळींचे अच्चन, म्हणजे धर्मगुरू, संसारी असतात. १९७० साली एकत्र आलेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे पाळकही संसारी. म्हणजे एकाच उपनगरात एक धर्मगुरू मुलाच्या दहावीच्या निकालाची वाट पाहतो आणि दोन गल्ल्यांपलीकडचा दुसरा धर्मगुरू तशा मुलांच्या पालकांना धीर देतो. दोघांकडेही लोक तितक्याच विश्वासाने जातात. संसारी धर्मगुरूला या देशात मान मिळणार नाही, या युक्तिवादाचे उत्तर मुलुंडमध्ये रोज मिळते आहे.

रोममध्येही हालचाल थांबलेली नाही. लग्न झालेले अँग्लिकन धर्मगुरू कॅथलिक झाले तर त्यांना दीक्षा देण्याची सोय १९८० पासून अमेरिकेत आणि २००९ पासून व्यापक प्रमाणावर झाली. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पूर्वेकडच्या कॅथलिक चर्चांना आपल्या मूळ प्रदेशाबाहेरही संसारी धर्मगुरू नेमण्याची मुभा दिली. ऑक्टोबर २०१९ मध्ये ॲमेझॉन सिनॉडने, जिथे महिनोन्‌महिने मिस्सा होत नाही अशा दुर्गम भागांसाठी लग्न झालेल्या डीकनांना धर्मगुरू करण्याची शिफारस १२८ विरुद्ध ४१ मतांनी केली. फेब्रुवारी २०२० च्या आपल्या पत्रात फ्रान्सिस त्यावर काहीच बोलले नाहीत. २०१९ च्या जानेवारीत त्यांनी ऐच्छिक ब्रह्मचर्याला आपला विरोध सांगितला होता, आणि २०२३ मध्ये ही शिस्त कायमची नाही असेही सांगितले. ही दोन्ही विधाने एकाच माणसाची आहेत, आणि चर्च कुठे अडले आहे हे त्यांवरून दिसते.

लैंगिक अत्याचारांची प्रकरणे उघड झाल्यापासून काही जण सारा दोष ब्रह्मचर्यावर टाकतात. मला ते समीकरण मान्य नाही. असे अत्याचार संसारी माणसेही करतात, घरातल्या घरातही करतात. मूळ रोग आहे तो सत्तेचा आणि झाकपाकीचा, त्यावर लग्न हे औषध नव्हे. सक्ती उठवायची ती वेगळ्या कारणासाठी: धर्मगुरू होण्याची हाक आणि एकटे राहण्याची हाक या दोन वेगळ्या हाका आहेत, आणि दोन्ही एकाच माणसाला आल्याच पाहिजेत असे येशूने कुठे सांगितलेले नाही.

ज्या फादरांनी साष्टी सांभाळली, वसईत झाडे आणि पाणी वाचवण्यासाठी मोर्चे काढले, झोपडपट्ट्यांत शाळा चालवल्या, त्यांच्या ब्रह्मचर्यापुढे मी मनापासून नतमस्तक आहे. ते त्यांनी दिलेले दान आहे. दान सक्तीने घेतले की त्याचा कर होतो. म्हणून माझी विनंती बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या कॅथलिक बंधुभगिनींना आणि त्यांच्या महागुरुस्वामींना, म्हणजे बिशपांना, आहे. अलीकडच्या सिनॉडच्या निमित्ताने आपण चर्चच्या सभागृहांत बसून एकमेकांचे ऐकायला शिकलो. त्याच सभागृहात हा प्रश्न घ्या. आपल्या फादरांना विचारा, डीकनांच्या पत्नींना विचारा, दीक्षा सोडून गेलेल्यांनाही सन्मानाने बोलावून विचारा. आणि जे ऐकाल ते रोमला लिहून कळवा.